वातरक्तातील संधिशूल आणि बाष्पनशील तेलांचा बाह्य उपयोग : एक अभ्यास

प्रस्तावना

रात्री सुखाने झोपलेला मनुष्य पहाटे पायाच्या अंगठ्याच्या असह्य वेदनेने जागा होतो. सांधा सुजलेला, लालबुंद व तप्त असतो. अंगावरच्या पांघरुणाचा स्पर्शदेखील सहन होत नाही. वातरक्ताच्या तीव्र वेगाचे हे चित्र प्रत्येक चिकित्सकाच्या परिचयाचे आहे. घरात होणारा पहिला उपचारही बहुधा ठरलेला असतो. एखादे झोंबणारे तेल किंवा बाम सांध्यावर जोराने चोळावयाचा, आणि वर गरम पाण्याच्या पिशवीने शेकावयाचे. असा रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा सांध्याचा दाह वाढलेला असतो व कधीकधी त्वचेवर फोडही आलेले असतात.

सुगंधी बाष्पनशील तेलांचा वापर गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढला आहे. निलगिरी, विंटरग्रीन, पुदिना, लवंग, गवती चहा, जिरॅनियम इत्यादींची तेले सहज मिळतात. आपल्यापैकी अनेक औषधनिर्माते ती वेदनाहर तेलांत मिसळतात आणि अनेक चिकित्सक ती सुचवितात. ही तेले सरसकट टाकाऊ आहेत असे आमचे मत नाही. परंतु वातरक्तात त्यांचा उपयोग केव्हा करावा, कोणत्या प्रमाणात करावा व कोणत्या अवस्थेत मुळीच करू नये, याचा शास्त्राधारे विचार होणे आवश्यक आहे. तो येथे करावयाचा आहे.

आपला जिल्हा आणि वातरक्ताची निदाने

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय वातरक्तासाठी आहे. त्यात सांगितलेल्या हेतूंमध्ये लवण, अम्ल, कटु व क्षार यांचा अतियोग, जलचर व आनूप प्राण्यांचे मांस, कुळीथ, उडीद, पावटा, दही, सुरा व आसव यांच्याबरोबरच इक्षूचा, म्हणजे उसाचा, स्पष्ट उल्लेख आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील वैद्याने या शब्दाशी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली आले व हा टापू उसाचा झाला. पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, राहुरी व नेवासे या तालुक्यांचे अर्थकारण आज उसावर उभे आहे.

याचा अर्थ ऊस खाणाऱ्या प्रत्येकास वातरक्त होते असा नव्हे. तथापि आधुनिक जीवरसायनशास्त्र या जुन्या निरीक्षणास पुष्टी देते. साखरेतील निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो. त्याचे यकृतात पचन होताना पेशीतील ऊर्जाद्रव्य झपाट्याने खर्ची पडते व त्याच्या विघटनातून यूरिक अ‍ॅसिड वाढते. मद्याने एकीकडे यूरिक अ‍ॅसिडची उत्पत्ती वाढते, तर दुसरीकडे वृक्कांतून होणारे त्याचे उत्सर्जन मंदावते. गोड पेये, मद्य, मांसाहार व बैठी दिनचर्या एकत्र आली म्हणजे चरकोक्त हेतूंची यादी जवळजवळ पूर्ण होते.

जिल्ह्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या जिरायती भागांतून मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडणीस जातात. त्यांची कंबर, गुडघे व टाचा दुखतात त्या बहुधा श्रमाने. ते वातरक्त नव्हे. एकाच तेलाची बाटली बागायतदाराच्या अंगठ्यास आणि ऊसतोड कामगाराच्या गुडघ्यास देणे ही चिकित्सा नव्हे. प्रथम व्याधिनिश्चय, मग तेल, हा क्रम सुटू नये.

संप्राप्ती : दोन भाषा, एकच व्याधी

स्वहेतूंनी वात प्रकुपित होतो, स्वहेतूंनीच रक्त दूषित होते. दूषित रक्त वाताचा मार्ग अडविते आणि अडलेला वात रक्तास अधिकच दूषित करतो, अशी वातरक्ताची संप्राप्ती आहे. व्याधी हातापायांच्या मुळाशी प्रथम स्थान घेतो व उंदराच्या विषाप्रमाणे हळूहळू पसरतो, असे शास्त्रकारांनी वर्णन केले आहे.

आधुनिक वैद्यकानुसार रक्तातील यूरिक अ‍ॅसिड प्रति डेसिलिटर सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले की सांध्यांत त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक साचू लागतात. शरीराच्या टोकांकडील थंड भागांत ते अधिक सहज बनतात. म्हणून अंगठा हे आवडते स्थान. हे स्फटिक सुटे झाले की शरीरातील श्वेतपेशी त्यांच्यावर तुटून पडतात व तीव्र शोथ उत्पन्न होतो. वेदना साधारणतः पहिल्या १२ ते २४ तासांत परमोच्च होते आणि अनेकदा कोणताही उपचार न करताही सात ते चौदा दिवसांत वेग ओसरतो.

वेग आपोआप ओसरतो, ही बाब प्रत्येक चिकित्सकाने व औषधनिर्मात्याने मनावर कोरून ठेवावी. दुसऱ्या दिवशी तेल लावले, आठव्या दिवशी सांधा मोकळा झाला, आणि श्रेय तेलास मिळाले, असे वारंवार घडते. रुग्ण निर्धास्त होतो. आत मात्र स्फटिक साचतच राहतात. पुढे वेग जवळजवळ येऊ लागतात, सांध्यांवर गाठी उठतात, सांधे झिजतात व वृक्कांवर ताण येतो. त्वचेवर लावलेले कोणतेही सुगंधी तेल रक्तातील यूरिक अ‍ॅसिड कमी करते असे सिद्ध झालेले नाही. दालचिनीवर्गीय तेलाने यूरिक अ‍ॅसिड घटल्याचे जे प्रयोग प्रसिद्ध आहेत ते उंदरांवरील व पोटातून दिलेल्या तेलाचे आहेत. त्यांवरून बाह्य लेपनाचा निष्कर्ष काढता येत नाही. बाष्पनशील तेल वेदना सुसह्य करू शकेल. व्याधीचे मूळ ते उपटणार नाही.

सिद्ध तैल आणि बाष्पनशील तेल यांतील भेद

या लेखात ‘तैल’ हा शब्द आम्ही सिद्ध तैलासाठी व ‘तेल’ हा ऊर्ध्वपातनाने काढलेल्या बाष्पनशील तेलासाठी वापरीत आहोत, कारण बाजारात या दोहोंची गल्लत फार होते. तीळतैलात कल्क व द्रव घालून मंदाग्नीवर सिद्ध केलेले निर्गुंडी तैल आणि निरगुडीच्या पानांतून वाफेने काढलेले तेल या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. पहिले मोठ्या प्रमाणात अभ्यंगास चालते. दुसरे अत्यंत तीक्ष्ण असून थेंबांनी मोजावयाचे असते.

सुगंधी द्रव्यांचे उडून जाणारे स्वरूप आपल्या पूर्वाचार्यांस ठाऊक होते. म्हणूनच कर्पूरादी गंधद्रव्ये तैल सिद्ध होऊन गाळल्यावर पात्रात मिसळावयाची, अशी पत्रपाकाची पद्धती आहे. बाष्पनशील तेलांनाही हाच न्याय लावावा. उकळत्या तैलात ती घालणे म्हणजे पैसा वाफेबरोबर उडविणे होय.

मात्र निलगिरी व विंटरग्रीन यांचे गुणधर्म बृहत्त्रयीत शोधून सापडणार नाहीत. निलगिरीचा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा. एकोणिसाव्या शतकात निलगिरी डोंगरांवर त्याची लागवड झाली व त्यावरून आपल्याकडे त्यास नाव मिळाले. अशा नव्या द्रव्यांचे गुण-वीर्य निरीक्षणाने ठरवावे लागते. त्यांस केवळ ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी मानणे शास्त्रसंमत नाही.

अवस्थेनुसार निवड

चरकाचार्यांनी वातरक्ताचे उत्तान व गंभीर असे दोन प्रकार सांगितले आहेत. त्वचा व मांस यांच्या आश्रयाने असणाऱ्या उत्तान प्रकारात आलेप, अभ्यंग, परिषेक व उपनाह हे बाह्य उपचार सांगितले. गंभीरात विरेचन, आस्थापन बस्ती व स्नेहपान. म्हणजे बाह्य उपचाराची मर्यादा मुळातच आखून दिलेली आहे.

त्याहून महत्त्वाचा इशारा पुढे आहे. रक्त व पित्त प्रबळ असताना उष्ण उपचार केल्यास दाह वाढतो, स्राव होतो व त्वचा विदीर्ण होते. उलट वात व कफ प्रबळ असताना शीत लेप केल्यास स्तंभ व शोथ वाढतो. प्रस्तुत विषयातील सर्व निर्णय या एका सूत्रावर उभे आहेत.

१) तीव्र वेग (रक्तपित्तप्रधान अवस्था) : सांधा लाल, उष्ण व स्पर्शासह असतो. या काळात मर्दन नको, शेक नको, विंटरग्रीन, निलगिरी, लवंग, दालचिनी यांसारखी तीक्ष्ण तेलेही नकोत. सांध्यास विश्रांती द्यावी व पाय उंच ठेवावा. शतधौत घृत किंवा पिंडतैल न चोळता हलक्या हाताने लावावे. मेण, मंजिष्ठा, राळ व सारिवा यांनी सिद्ध होणारे पिंडतैल वातरक्ताच्या अध्यायातीलच आहे. सुगंधी तेल वापरावयाचेच असल्यास वाळा किंवा चंदन यांसारखे शीत तेल १०० मिलि पिंडतैलात १ मिलि, यापलीकडे जाऊ नये.

आधुनिक अनुभवही येथे शास्त्राच्या बाजूने आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तीव्र गाऊटचे १९ रुग्ण होते. सर्वांना नेहमीची औषधे दिली होती. त्यांपैकी ज्यांच्या सांध्यावर बर्फाचा शेकही दिला त्यांची वेदना अधिक कमी झाली. रुग्णसंख्या अल्प असली तरी दिशा चरकसूत्राशी जुळणारी आहे. बर्फ मात्र कापडात गुंडाळून थोडा वेळच लावावा. मधुमेहामुळे पायांस बधिरता असलेल्या रुग्णास देऊ नये.

२) वेग ओसरल्यानंतर (वातकफप्रधान अवस्था) : लाली व उष्णता गेलेली असते, जडत्व, ताठरपणा व मंद ठणका उरतो. बाष्पनशील तेलांचे खरे क्षेत्र हे आहे. निर्गुंडी तैल, बला तैल किंवा पिंडतैलात योग्य प्रमाणात मिसळून सांध्याच्या सभोवार सौम्य अभ्यंग करावा.

३) गाठींची अवस्था : ताणलेल्या, पातळ झालेल्या किंवा फुटून खडूसारखा स्राव येणाऱ्या गाठीवर कोणतेही बाष्पनशील तेल लावू नये.

प्रमुख तेलांचा विचार

विंटरग्रीन (गंधपुरा) : यात ९५ टक्क्यांहून अधिक मेथिल सॅलिसिलेट असते. बाजारातील पुष्कळसे तेल कृत्रिम मेथिल सॅलिसिलेटच असते. ते त्वचेतून शोषले जाते. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलि, शुद्ध तेलात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतके. लहान मुलाने तेवढे प्राशन केल्यास मृत्यू ओढवू शकतो. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णात केवळ बाह्य वापरानेही रक्तस्रावाचा धोका वाढल्याच्या नोंदी आहेत. अल्प मात्रेतील सॅलिसिलेट वृक्कांतून यूरिक अ‍ॅसिड बाहेर पडण्यास अडथळा करते, हेही वातरक्तात विसरू नये. वेग ओसरल्यावर, लहान क्षेत्रावर, २ टक्क्यांच्या आत, ही आमची मर्यादा आहे.

पुदिना व मेन्थॉल : मेन्थॉल त्वचेतील शीतसंवेदी ग्राहकांस उत्तेजित करते. त्यामुळे थंड वाटते. प्रत्यक्षात ऊतींचे तापमान उतरत नाही. हा शीतस्पर्शाचा आभास वेदनेवरील लक्ष वळविण्यास उपयोगी पडतो. परंतु आभास म्हणजे शीतवीर्य नव्हे, आणि तीव्र प्रमाणात तेच द्रव्य त्वचा पोळते.

कापूर : भावप्रकाशात कर्पूर शीत मानला आहे, चोळल्यावर मात्र तो त्वचेत रक्त खेचून उष्णता उत्पन्न करतो. पोटात गेल्यास बालकांत झटके येतात. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल व कापूर यांपासून होणारी अमृतधारा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती सांध्यावर जशीच्या तशी ओतू नये; तैलात मिसळूनच वापरावी.

निलगिरी : वेग ओसरल्यावरच्या ताठरपणात उपयोगी. प्राशनाने विषबाधा व झटके येतात, म्हणून मुलांच्या हाती लागता कामा नये.

लवंग, दालचिनी व गवती चहा : तिन्ही त्वचेस क्षोभक आहेत. पायाच्या पातळ त्वचेवर १ टक्क्याच्या आतच वापरावीत. संवेदनशील त्वचेवर टाळावीत.

जिरॅनियम : तुलनेने सौम्य आहे. सुगंधाने मनास स्वस्थता मिळते हा लाभ मान्य करावा. त्यापुढचे दावे करू नयेत.

प्रमाण व कृती

१०० मिलि आधारतैलात सर्व बाष्पनशील तेले मिळून २ मिलि, हे आम्ही सामान्य प्रमाण मानतो. साधारणतः २० थेंबांचा १ मिलि होतो. म्हणजे ५० मिलि तैलास एकंदर २० थेंब पुरेत. वृद्ध व नाजूक त्वचेच्या रुग्णांत प्रमाण निम्मे करावे.

प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे मिश्रण लावून २४ तास पाहावे. खाज, लाली वा पुरळ न आल्यास दिवसातून दोन वेळा हलक्या हाताने लावावे. वर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नये. विजेची गादी, गरम पाण्याची पिशवी वा गरम विटेचा शेक देऊ नये. उष्णतेने व आच्छादनाने शोषण वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली वेदनाहर मलमांनी त्वचा भाजल्याच्या घटनांबाबत जाहीर इशारा दिला होता. गंभीर दाहाच्या बहुतेक घटना ३ टक्क्यांहून अधिक मेन्थॉल, किंवा त्यासोबत १० टक्क्यांहून अधिक मेथिल सॅलिसिलेट असलेल्या उत्पादनांच्या होत्या. आपल्या दुकानातील बामच्या डबीवरील प्रमाण या आकड्यांशी एकदा ताडून पाहावे.

निषेध व तातडीने पुढे पाठविण्याची लक्षणे

गर्भिणी, लहान मुले, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेले दम्याचे रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे व वृक्कविकारी यांच्यात विंटरग्रीन वर्ज्य समजावे. कोणतेही बाष्पनशील तेल पोटात देऊ नये.

ताप, थंडी, अचानक सुजलेला एकच सांधा, आणि मधुमेह किंवा अलीकडे झालेली जखम, असे चित्र दिसल्यास सांध्यातील पूयजन्य संसर्गाची शंका घ्यावी. असा सांधा काही दिवसांतच कायमचा निकामी होऊ शकतो. तेथे तेलाचा प्रयोग करीत एक दिवसही दवडू नये. सांध्यातील द्रवाची तपासणी होईल अशा रुग्णालयात पाठवावे. तीव्र वेगात रक्तातील यूरिक अ‍ॅसिड प्रसंगी प्राकृत येते, त्यामुळे एका अहवालावरून वातरक्त नाकारू नये. वेग ओसरल्यावर पुन्हा तपासावे. रुग्ण मूत्रल औषधे वा हृदयविकारासाठी अल्प मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेत असल्यास त्याची नोंद करावी. ती औषधे परस्पर बंद करू नयेत. मूळ चिकित्सकाशी बोलावे.

औषधनिर्मात्यांसाठी

१) बाष्पनशील तेले गडद काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत, उष्णतेपासून दूर ठेवावीत. हवा लागून जुनी झालेली तेले त्वचेस अधिक बाधतात.

२) टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवावा. निलगिरी, पुदिना यांसारखे शुद्ध तेल उडून जाते. तेलकट डाग कायम राहिल्यास स्थिर तेलाच्या भेसळीचा संशय घ्यावा. वाळा, चंदन यांसारख्या जड तेलांस ही चाचणी लागू नाही. कृत्रिम भेसळ प्रयोगशाळेतच कळते. म्हणून पुरवठादाराकडून विश्लेषणपत्र मागावे.

३) अनुसूची ‘टी’ नुसार उत्तम निर्मितिपद्धती २००० सालापासून आपणांस लागू झाल्या आहेत. प्रत्येक घाण्यात घातलेल्या तेलाचे माप नोंदवावे. अंदाजाने ओतू नये.

४) वेष्टनावर घटक व प्रमाण, ‘फक्त बाह्य उपयोगासाठी’, ‘मुलांपासून दूर ठेवा’ व ‘लावल्यावर शेक देऊ नये’ हे ठळक मराठीत छापावे.

५) ‘गाऊट मुळासकट बरा’ अशी जाहिरात करू नये. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत संधिवाताचा समावेश आहे. कायद्याचा धाक नसता तरीही जे विधान असत्य आहे ते वेष्टनावर शोभत नाही.

रुग्णास काय सांगावे

तेल देताना दोन मिनिटे बोलणे हाही चिकित्सेचाच भाग आहे. हे तेल दुखणे हलके करण्यासाठी आहे, रोग आतला आहे, हे सोप्या शब्दांत सांगावे. पाणी पुरेसे प्यावे. मद्य, गोड पेये, मांसाचा रस्सा व काळीज-गुर्दा वर्ज्य करावेत. वजन हळूहळू उतरवावे. कडक उपवासाने वेग उसळतो. गुडूचीप्रधान कल्प, विरेचन व बस्ती यांची योजना प्रकृती पाहून आपण करूच; पण वेग वारंवार येत असल्यास, गाठी दिसत असल्यास किंवा वृक्क दुर्बल असल्यास यूरिक अ‍ॅसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली आणण्यासाठी तज्ज्ञ चिकित्सकाचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये.

उपसंहार

आपल्या या शहरात १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापन झाले. ज्यांचे नाव ते आज धारण करते त्या वैद्य पंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधांचे गुणधर्म कल्पवार विवेचून ‘औषधीगुणधर्मशास्त्र’ लिहिले. औषध हाती घेण्यापूर्वी त्याचे कार्य, अधिकारी व मर्यादा लिहून काढण्याची ही शिस्त जिल्ह्यातील वैद्यांचा वारसा आहे. बाष्पनशील तेलांसारख्या नव्या द्रव्यांस ती तितकीच लागू करावयास हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींवर काम चालते. शेतकरी, निर्माता व चिकित्सक यांचा दुवा जुळल्यास शुद्ध द्रव्य मिळणेही सुकर होईल.

तोवर प्रत्येक चिकित्सकाने आपल्या रुग्णपत्रकात चार बाबींची नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे : सांध्याची अवस्था, वापरलेले तेल व त्याचे प्रमाण, त्वचेवरील परिणाम, आणि पुढील सहा महिन्यांत आलेल्या वेगांची संख्या. शेवटचा आकडा कमी झाल्याशिवाय वातरक्त शमले असे म्हणू नये, मग अंगठा कितीही सुवासिक असो.